तांब्यातले पाणी

मुंबई, डिलाईल रोड
३ नोव्हेंबर १९६३

तीर्थस्वरूप मामांना आणि मामींना दत्तारामचा साष्टांग नमस्कार.

दोन गोष्टींसाठी पत्र लिहीत आहे. पहिली मामींना आधी वाचून दाखवा. आवडीला चौथा महिना लागला आहे. मागल्या वेळचा अनुभव पाहता आम्ही कोणाला बोललो नव्हतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सगळे ठीक आहे, पण जपायला हवे. आवडीचे म्हणणे, बाळंतपण पोलादपूरलाच करायचे. माझे काही म्हणणे नाही.

दुसरी गोष्ट माझ्या कामाची. मी धाकट्या शेठची जी गाडी चालवतो, ती तुम्हाला सांगितलीच होती. विलायती, दोन माणसांची, उघडी, हिरव्या रंगाची. बसल्यावर हात खाली सोडला तर रस्त्याला लागेल इतकी बुटकी. रोज सकाळी मी शेठना त्याच गाडीने फोर्टात ऑफिसला नेतो. पण महिन्यातल्या एका रविवारी मोटर क्लबवाले मैदानात पिंपे मांडतात. त्या पिंपांमधून वेडीवाकडी, पुढे-मागे गाडी काढायची, आणि कोणी किती वेळात काढली ते घड्याळ लावून बघायचे. चालवतात शेठ स्वतः. गाडीची तयारी माझी. मागल्या खेपेला आम्ही पाचवे आलो. पिंपाला वळसा घालताना गाडी नाव कलावी तशी कलते आणि सरळ व्हायला वेळ लावते. जागेवरून जोरात सोडली की मागचा आस थडथड उड्या मारतो. मागे तुमच्या ट्रकला असतात तसेच कमानीचे पाटे आहेत, पण मऊ आहेत. इथले गॅरेजवाले म्हणतात, कडक पाटे विलायतेहून मागवा, सहा महिने लागतील. मी शेठना म्हटले, माझ्या सासऱ्यांना विचारतो. ते हसले. म्हणाले, विचार.

म्हणून विचारतो. पाटे कडक करता येतील का? रोजच्या ऑफिसलाही तीच गाडी लागते, एवढे लक्षात घ्या.

आपला,
दत्ताराम

ता. क. बाबा, मी आवडी. हे झोपेतसुद्धा पाटे मोजतात. काल माझ्या पाठीला हात लावून म्हणाले, मेन पाटा ठीक हाय. आईला सांगा, मला आंबट खावंसं वाटत नाय, तिखट वाटतं.

*

पोलादपूर, जि. कुलाबा
११ नोव्हेंबर १९६३

चि. दत्तारामराव यांस, पोलादपूरहून हैबती गोमाजी उतेकर याचे आशीर्वाद पोचावेत.

पत्र मिळाले. तुमच्या मामीने दोनदा वाचायला लावले आणि लगेच देवापुढे दिवा लावला. तिखटावरून तिने जे काय ते ठरवून टाकले आहे. मी त्यात पडत नाही.

आता कामाचे. तुम्ही लिहिलेत, पाटे मऊ आहेत. मऊ म्हणजे काय? भाकरी मऊ असते. पाटे किती, प्रत्येकाची लांबी किती, जाडी किती सूत, रुंदी किती, रिकाम्या गाडीत कमानीला बाक किती आणि दोन माणसे बसल्यावर किती राहतो, हे लिहायला हवे होते. शर्यतीत पाचवे आल्याचे लिहिलेत, त्याचा मला उपयोग नाही.

मी कोणाकडे शिकलो नाही. लढाईनंतर लष्कराचे मोडीत काढलेले ट्रक या रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्याखाली पडून शिकलो. पहिला पाटा भट्टीतून काढून पाण्यात घातला तो काचेसारखा तडकला, दुसरा भाजीच्या देठासारखा वाकला, तिसऱ्यापासून आजतागायत एकही परत आलेला नाही. आज आंबेनळीचा घाट चढणारा ट्रकवाला महाबळेश्वरला देवदर्शन नंतर करतो, आधी माझ्या दारात थांबतो. तेव्हा शेठ हसले ते राहू द्या. त्यांना इकडचा घाट ठाऊक नसेल.

पण एक सांगतो. मैदानाला लागतो तो पाटा आणि रस्त्याला लागतो तो पाटा, दोघांचा स्वभाव वेगळा. कडक पाटा गाडीला कलू देत नाही, पण रस्त्यातला प्रत्येक दगड जसाच्या तसा बसणाऱ्याच्या कण्यात पोचवतो. धक्का कुठे तरी जातोच. पाट्याने खाल्ला नाही तर माणूस खातो. हे कोणत्या पुस्तकात आहे की नाही मला ठाऊक नाही, मी ट्रकवाल्यांच्या कमरा बघून शिकलो.

आणि हे मी का लिहितो ते तुम्ही समजून आहात. मागल्या उन्हाळ्यात आवडी पाचवा महिना असताना लग्नाला म्हणून एस.टी.ने आली. स्टँडवर ती उतरली तेव्हा मी समोर होतो. एका हाताने दांडा धरला होता आणि दुसरा पोटावर होता. मी म्हटले, काय गो, दमलीस? ती म्हणाली, नाय बाबा, जरा अवघडले. पुढचे तुम्हाला माहीत आहे. त्या दिवसापासून मी स्टँडकडे फिरकत नाही. पोस्टातसुद्धा मागल्या गल्लीने जातो.

तेव्हा बाळंतपणाला ती येणार ही गोष्ट आनंदाची, पण एस.टी.ने येणार नाही. आमच्याकडे मुलीला आणायला मुराळी पाठवायची रीत आहे. मला मुलगा नाही, आणि मी स्वतः आलो तरी परत त्याच एस.टी.त तिला बसवावे लागणार. मला दुसरा मार्ग शोधावा लागेल. तोवर मापे पाठवा.

हैबती गोमाजी उतेकर

*

मुंबई
२४ नोव्हेंबर १९६३

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

रविवारी गाडी ठोकळ्यांवर घेतली आणि मापे काढली. वेगळ्या कागदावर चित्र काढून जोडली आहेत. पाटे सहा. सगळ्यांची जाडी दीड सुताच्या आसपास, सर्वांत खालचा जरा पातळ. रिकाम्या गाडीत बाक सव्वातीन इंच, मी आणि शेठ बसल्यावर दोन इंचाला जरा कमी. शॉकअप तेलाचे आहेत, हाताएवढ्या दांड्याचे. इथला मिस्त्री म्हणतो, त्यात घट्ट तेल भरा, काम होईल. पुढे पाटे नाहीत, गुंडाळीच्या स्प्रिंगा आहेत.

शेठना दोन संच करायचे का म्हणून विचारले, एक मैदानाचा, एक रोजचा. ते म्हणाले, दर वेळी कोण बदलत बसणार? एकच हवा, आणि मैदानात चालणारा हवा. रोजचे मी सोसतो, तरुण आहे.

मामा, आता मनातले लिहितो. शेठ जानेवारीच्या शेवटी दक्षिणेत लग्नाला चालले आहेत. ते म्हणाले, नवे पाटे बसले तर माझ्या मागे गाडी लांब कुठेतरी चालवून आण, पाटे मुरू देत. मी म्हटले, पोलादपूरला नेतो, सासरे स्वतःच्या डोळ्यांनी तपासतील. ते हो म्हणाले. म्हणजे आवडीला त्या गाडीतूनच आणता येईल. तेव्हा तिला सातवा लागलेला असेल. एस.टी.चा प्रश्नच उरणार नाही. तुमचे पाटे, तुमचा जावई, आणि हिरवी गाडी मुराळी.

म्हणून पाटे असे करा की मैदानातही चालतील आणि आवडीलाही.

आवडी बरी आहे. तुमचे पत्र तिने ठेवून घेतले आहे. भाकरीचे वाचून खूप हसली.

आपला,
दत्ताराम

*

पोलादपूर
९ डिसेंबर १९६३

चि. दत्तारामराव यांस आशीर्वाद.

मापे मिळाली. चित्र बरे आहे, पण मधल्या बोल्टाचे भोक टोकाच्या कानापासून पुढे किती आणि मागे किती ते दाखवले नव्हते. मी ट्रकवाल्या मुरारीला मुंबईच्या खेपेत तुमच्याकडे पाठवून मोजून घेतले. पुढे लहान बाजू, मागे मोठी. हे राहिले असते तर आस वाकडा बसला असता. असो.

तुमचे पत्र आले त्या दिवसापासून दुसरे काम हातात घेतले नाही. दोन ट्रकवाले बाहेर बसून आहेत, बसू देत. मुरारी म्हणाला, उतेकरमामा, एवढी मेहनत माझ्या ट्रकावर केलीत तर मी विमान चालवीन. त्याला म्हटले, तुझ्या ट्रकात काय असतं? बटाटे.

तुमच्या मिस्त्रीने सांगितलेला घट्ट तेलाचा उपाय मला नको. तेल थंडीत एक वागते, उन्हात दुसरे. सकाळी गाडी लाकडासारखी आणि दुपारी पुन्हा नावेसारखी. सगळे सहा पाटे जाड करणे सोपे होते, तुमचे शेठही खूश झाले असते, पण मग आवडीला आणायला ती गाडी नको. पुढच्या गुंडाळ्यांना मी हात लावत नाही. माझ्या भट्टीतून न निघालेल्या वस्तूची हमी मी देत नाही.

मी केले ते असे. मूळच्या मापाचेच सहा नवे केले, फक्त पाणी नीट दिले, म्हणजे तुमचे दमले आहेत तसे हे दमणार नाहीत. त्यांच्या खाली एक सातवा, आखूड आणि जाड. पण तो वरच्यांना चिकटून नाही, त्याला उलटा बाक आहे. साध्या रस्त्यावर सहाच पाटे काम करतील, सातव्याला काही कळणारसुद्धा नाही. गाडी जोरात कलली की वरचे दबतील आणि सातव्यावर टेकतील, तिथून पुढे कडक. आधी मऊ, मग कडक. मैदानात सातवा, रस्त्यात सहा. असा पाटा मी यापूर्वी कोणासाठी केला नाही आणि कुठे पाहिलाही नाही. मुरारीबरोबर गोणपाटात बांधून पाठवले आहेत. डावा उजवा यावर खूण आहे. यू-बोल्ट थोडे आवळून गाडी जमिनीवर उतरवा, मग पूर्ण आवळा. हवेत टांगलेल्या गाडीला आवळलेत तर माझा पाटा तुम्ही मारलात असे समजेन.

आता पुढचे नीट वाचा, हे माझे रोजचे आहे. पाटे बसवलेला ट्रक मी दारातून जाऊ देत नाही. पितळेचा तांब्या काठोकाठ भरून मागच्या फळीवर ठेवतो आणि ट्रक कापड्याच्या फाट्यापर्यंत नेऊन आणायला लावतो. परत आल्यावर पाणी चार बोटांपेक्षा जास्त उतरले असेल तर पाटे पुन्हा खाली. ट्रकवाले हसतात, उतेकरांचा तांब्या म्हणतात, पण त्या तांब्याने आजवर मला फसवले नाही. डोळा फसवतो, ड्रायव्हर तर फसवतोच. पाणी कोणाचे ऐकत नाही.

तुम्ही हे करायचे. आवडी जिथे बसणार त्याच जागी तांब्या ठेवायचा. समुद्राकडच्या गुळगुळीत रस्त्यावर नाही. बंदराकडे दगडांचा रस्ता आहे म्हणतात, बैलगाड्या जातात तो, तिथून न्यायचा. वेग पेणच्या पुढच्या रस्त्यावर ठेवाल तेवढाच. पाणी चार बोटांच्या आत उतरले तर मला कळवा. जास्त उतरले तरी कळवा. आवडी कधी येणार ते मी पाण्यावरून ठरवीन.

हैबती गोमाजी उतेकर

*

मुंबई
५ जानेवारी १९६४

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

आधी मैदानाचे. दुसरे आलो! पहिल्या आलेल्या गाडीचे इंजिन दीडपट आहे, तेव्हा ते पहिलेच समजा. आस उड्या मारत नाही. पिंपाला वळसा घालताना गाडी आधी जराशी झुकते आणि मग खांद्याला कोणी धरल्यासारखी थांबते. शेठ खाली उतरून वाकून बघू लागले. सातवा पाटा बघून म्हणाले, हे तुझे सासरे कुठे शिकले? मी म्हटले, भट्टीपुढे. क्लबातले दोघेतिघे गाडीखाली डोकावून गेले.

आता तांब्याचे. तुम्ही सांगितलेत तसेच केले. बंदराकडचा रस्ता, दगड हाताएवढे, मधे रेल्वेचे रूळ आडवे जातात तेही घेतले. तांब्या काठोकाठ. आवडी बसणार त्याच जागी. वेग तुम्ही म्हणता तेवढा. परत आलो तेव्हा दोन बोटेसुद्धा उतरले नव्हते. मामा, शपथेवर लिहितो, दोन बोटेसुद्धा नाही. मलाच खरे वाटेना.

शेठ २५ तारखेला जात आहेत. आम्ही २७ला पहाटे निघू, हळूहळू येऊ, संध्याकाळपर्यंत पोचू. तुमचे उत्तर आले की नक्की.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलात तर सावकाश जा, मधे मधे थांबा. आवडीचे पाय थोडे सुजतात, बाकी ठीक.

आपला,
दत्ताराम

ता. क. बाबा, मी शहाण्यासारखी येईन. आईला सांगा, कुळथाची पिठी करून ठेव. इथे मिळते ती माती लागते.

*

(पोस्टकार्ड)

पोलादपूर
१२ जानेवारी १९६४

चि. दत्तारामराव यांस आशीर्वाद. दोन बोटे वाचून मुरारीला आणि बाहेर बसलेल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. ट्रकात माझे आजवरचे उत्तम तीन बोटे आहे. पाण्याने सांगितले आहे, तेव्हा या. साळूबाई सुईणीला सांगून ठेवले आहे. २७ला संध्याकाळी वाट बघतो. मला पाटा चाललेला बघायचा आहे, तेव्हा दारापर्यंत गाडीनेच या, नाक्यावर थांबू नका.

है. गो. उतेकर

*

पोलादपूर
१० फेब्रुवारी १९६४

दत्तारामराव यांस.

तुम्ही गेल्यावर मला पत्र आले नाही. मीही लिहिले नाही. आज लिहितो.

सावित्रीच्या काठी जिथे ठेवला तिथे मी दगड लावून घेतले, कुत्री उकरतात म्हणून. तुम्ही निघायच्या घाईत होतात, शेठची गाडी परत न्यायची होती, ते समजू शकतो. मुलगा होता हे साळूबाईने सांगितले तेव्हा तुम्ही ओटीवर होतात, म्हणजे तुम्हाला माहीत आहे.

मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. नीट आठवून, एकेक उत्तर द्या.

टायरात हवा किती होती? मुंबईत भरलीत की पनवेलला? ट्रंक मागे बांधली होती ती किती वजनाची? ती आसाच्या पुढे होती की मागे? कोलाड ते माणगाव रस्त्यावर खडी पसरली होती असे मुरारी म्हणतो. तिथे वेग किती ठेवलात? शॉकअपमध्ये कोणी घट्ट तेल भरले होते का, तुमच्या मिस्त्रीने, तुम्हाला न सांगता? यू-बोल्ट गाडी जमिनीवर ठेवून आवळले होते ना?

मी त्या संध्याकाळी गाडीखाली जाऊन पाहिले आहे. सातव्या पाट्यावर ताजी चमक होती, मैदानात घासल्याची जुनी नव्हे, म्हणजे सहा पाटे वारंवार दबून त्याच्यावर टेकत होते. रस्त्यात तो लागायला नको होता. मग का लागला?

दोन बोटे पाणी उतरते त्या गाडीत हे व्हायला नको होते. हिशेब कुठे चुकला ते मला सापडत नाही. मी रोज मापे काढतो. सापडत नाही.

हैबती गोमाजी उतेकर

*

मुंबई
१६ फेब्रुवारी १९६४

तीर्थस्वरूप मामांना नमस्कार.

तुम्ही विचारलेत, तेव्हा सांगतो. हवा मुंबईत भरली, माझ्या हाताने, दरवेळी असते तेवढीच. ट्रंक आसावर होती, जड होती. मामींसाठी स्टोव्ह, आवडीची भांडी, बाळासाठी शिवलेली दुपटी. शॉकअप मी स्वतः उघडून पाहिले, तेल पातळच आहे. बोल्ट गाडी जमिनीवर ठेवूनच आवळले. खडी होती. कोलाडच्या पुढे मी इतक्या हळू चालवली की बैलगाडीवाले मागे वळून बघत होते.

मी आवडीला वाटेत दर थोड्या वेळाने विचारत होतो, बरी आहेस ना? ती हो म्हणायची. माणगावला चहाला थांबलो तेव्हा ती उतरली नाही. मला वाटले, गाडीत बसायची हौस आहे.

मामा, तुमच्या पत्रात हवा आहे, बोल्ट आहेत, तेल आहे. आवडी कशी आहे, जेवते का, बोलते का, याची एक ओळ नाही. मी तिला दोन पत्रे पाठवली, उत्तर नाही. मला तेवढे तरी कळवा.

आणि पाण्याचे मी खोटे लिहिलेले नाही.

आपला,
दत्ताराम

*

पोलादपूर
२२ फेब्रुवारी १९६४

दत्तारामराव यांस.

आवडी जेवते. बोलत नाही.

तुम्ही म्हणता खोटे लिहिले नाही. मी काय केले ते ऐका. तुमच्या पाट्यांची मापे माझ्याकडे होती. त्याच मापाचे सहा आणि तोच सातवा पुन्हा केला आणि मुरारीच्या ओळखीच्या एका लहान मोटारीच्या मागे बसवला. वजन मोजून, पोती टाकून, तुमच्या गाडीएवढे केले. आसनावर फळी आडवी ठोकली, तिच्यावर तांब्या. कापड्याच्या फाट्यापर्यंत नेऊन आणला. अर्धा तांब्या रिकामा. दुसऱ्यांदा नेला, तेच. म्हणजे चार बोटांच्याही पलीकडे. दोन बोटे शक्य नाही. तीनदा सांगतो, शक्य नाही.

तेव्हा तुम्ही पाणी मोजलेच नाहीत, किंवा समुद्राकडच्या रस्त्याने फिरून आलात आणि सासऱ्याला बरे वाटावे म्हणून लिहिलेत. मैदानात दुसरे आलात, त्या भरात. पाणी खोटे बोलत नाही, म्हणजे माणूस बोलला. त्या आकड्यावर मी माझ्या मुलीला त्या गाडीत बसवले.

यापुढे मला पत्र लिहू नये.

हैबती गोमाजी उतेकर

*

पोलादपूर
१ मार्च १९६४

सौ. आवडीचा नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. बोलावंसं वाटत नव्हतं म्हणून लिवलं नाय. आता लिवते, कारण बाबांनी तुम्हाला पाठवलेलं पत्र मी टपालात पडायच्या आधी वाचलं होतं, आणि तरी जाऊ दिलं. तेवढा राग माझ्यात होता.

पण ते खरं नाय, म्हणून आता सांगते. तुम्ही खोटं लिवलं नव्हतं. बाबांनाही मी सांगितलंय.

तुम्हाला आठवत असेल. आपण बंदराकडे निघालो तेव्हा तांब्या सीटवर राहीना. सीट मागे उतरती, चामडं गुळगुळीत, दारातून गाडी निघायच्या आत तो दोनदा लवंडला. तुम्ही चिडलात. मी म्हटलं, आणा इकडे, मी धरते. मी बसले, मांडीवर तांब्या घेतला, दोन्ही हातांनी पोटाशी धरला. तुम्ही म्हणालात, सांडू नकोस हां, मामांना कळवायचंय. रूळ आले तेव्हा मी सगळं अंग आवळून धरलं होतं. माझे पाय थरथरत होते. पाणी नाय सांडलं. तुम्ही किती खूश झालात. तुम्ही लिवलंत, आवडी बसणार त्याच जागी. खरंच होतं ते. मी तिथेच बसले होते.

घरी आल्यावर पाठीत कळ होती. तुम्ही पत्र लिवायला बसलात. मी ता. क. लिवला, कुळथाच्या पिठीचा. कळीचं लिवलं नाय. मला वाटलं, पाणी बरं म्हणतंय तर मी कोण नाय म्हणणारी? आणि मला घरी यायचं होतं.

२७ला पेणच्या पुढे पुन्हा तसंच सुरू झालं. या वेळी हातात तांब्या नव्हता, पण मी तसंच धरून बसले होते. तुम्ही विचारायचात, बरी आहेस ना? शेवटी ‘ना’ लावून विचारलं की माणूस हो म्हणतं. माणगावला मी उतरले नाय, कारण उभं राहता आलं नसतं.

दारात गाडी थांबली. बाबा धावत आले. मी हात पुढे केला, उतरायला. बाबा वाकले, मला वाटलं माझ्यासाठी, आणि ते गाडीखाली गेले. तुम्ही पण उतरून दुसऱ्या बाजूनी गेलात. मी गाडीत आणि तुमचे दोघांचे पाय बाहेर. बाबा म्हणत होते, सातवा लागलाय बघा, चमक बघा. तुम्ही म्हणत होतात, खडी होती मामा. आई ओटीवरून ओरडली, आवं, पोरीला उतरवा आधी! मग साळूबाईने मला धरून घेतलं.

बाबांना हे मी मागल्या सोमवारी सांगितलं. ते भट्टीपुढे मापं घेऊन बसले होते. मी जाऊन म्हटलं, बाबा, तांब्या माझ्या मांडीवर होता. त्यांनी वर बघितलं. म्हणाले, कुणी धरायला सांगितला? मी म्हटलं, कुणी नाय. राहत नव्हता म्हणून धरला. ते म्हणाले, मी लिवायला हवं होतं. फळीवर ठेवायचा, हात लावायचा नाय, हे लिवायला हवं होतं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही मला लिवायला हवं होतं. तांब्याला कशाला विचारलंत?

ते मापं खाली ठेवून उठले. संध्याकाळी जेवले नाय.

दुसऱ्या दिवशी मुरारीदादांचा ट्रक नवे पाटे घालून तयार होता. दादांनी नेहमीसारखा तांब्या भरून आणला आणि म्हणाले, चला मामा, परीक्षा घ्या. बाबांनी तांब्या हातात घेतला, ओटीवरच्या तुळशीत ओतला आणि स्वतः मागे चढले. रिकाम्या फळीवर मांडी घालून बसले. दादा हसले, काय मामा, आज तुम्हीच तांब्या? बाबा म्हणाले, चल. फाट्यापर्यंत नेऊन आणलं. परत आले तेव्हा बाबांना उतरता येईना. दादांनी आणि आईनी धरून उतरवलं. दादा आता हसत नव्हते. बाबा माझ्याकडे आले आणि माझ्यापुढे उभे राहून म्हणाले, कुठून दुखायला लागलं गो? मी म्हटलं, पेणच्या पुढे. मग त्यांनी विचारलं, कसं? मी सांगितलं, जेवढं सांगता येईल तेवढं. ते ऐकत राहिले. मापं घेत नव्हते.

आता दुसरे ट्रकवाले आले तरी तेच करतात. आई म्हणते, कंबर मोडून घ्याल. ते ऐकत नाय.

तुम्ही लिवलंत, न्यायला कधी येऊ. गाडी घेऊन येऊ नका. शेठनी दिली तरी नको. एस.टी.ने या. पुढची जागा रिकामी असली तरी बसू नका. सगळ्यात मागच्या बाकावर बसा, मुंबईपासून पोलादपुरापर्यंत, मधे उतरू नका. स्टँडवर मी येईन. तुम्ही उतराल तेव्हा मी विचारीन कसं वाटलं, आणि तुम्ही खरं सांगा.

मग बघू, परत यायचं की नाय.

आवडी